विसर्ग

सातवी ब च्या फळ्यावर, डाव्या कोपऱ्यात
एक चौकट असते : बोलणाऱ्यांची नावे.
मधल्या सुट्टीपर्यंत पुसायची नाही, हा माझाच नियम.
बावीस वर्षं पाळलाय.

सोमवारी सातपूरच्या कंपनीचा भोंगा झाला,
मी वर्गात शिरले, तर चौकट कोरी.
आणि मागच्या भित्तीपत्रकावर,
झाडे लावा, झाडे जगवा यांच्या मधोमध
वहीचा फाडलेला कागद.
अक्षर तिरकं. खाली पूर्ण नाव, हजेरी क्रमांकासकट :
तेजल भाऊराव गांगुर्डे, एकोणतीस.

मुलींच्या संडासाला कडी नाही.
एकीने आत जायचे, दुसरीने दार धरायचे.
रुक्सार येत नाही त्या दिवशी
मी सकाळपासून पाणी पीत नाही.
साहेब तपासणीला आले तेव्हा कडी होती.
साहेब गेले, कडी पण गेली.
आम्हाला याचे दुख होते.

खोटं कशाला सांगू,
आधी मी खिशातलं लाल पेन काढलं
आणि दुखला विसर्ग दिला.
दोन टिंबं.
मग वाचलं.

केदारे सरांनी ऑफिसात बोलावलं.
सर वाईट नाहीत, हेही लिहून ठेवते.
व्हरांड्याचे पत्रे त्यांनी पदरच्या पैशांनी बदललेत.
म्हणाले, बाई, आज कडी, उद्या खिचडी, परवा तुम्ही.
भिंत मोकळी सोडली की भिंत राहत नाही.
तक्रारपेटी आहे ना?
पेटीला कुलूप आहे, सर, संडासाला नाही,
असं मी म्हणाले नाही.
ते रात्री भांडी घासताना सुचलं.

माफीपत्र घ्या लिहून. शिस्त म्हणून.

बुधवारी त्याच भिंतीवर दुसरा कागद.
बिननावाचा.
रुक्सारच्या वडिलांच्या भंगारगाडीवर चार ओळी,
यमकं चोख.
वर्ग फिदीफिदी. रुक्सार खिडकीबाहेर बघत होती,
बाहेर बघण्यासारखं काही नसताना.
तो मी टराटरा फाडला.
कुणाला विचारलं नाही, हात थरथरला नाही.
मागून आवाज आला : बाई, ते पण मतच होतं ना?
मी म्हटलं, खाली बस.
तेवढंच उत्तर होतं माझ्याकडे.
अजूनही त्यात फारशी भर पडलेली नाही.

गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे,
त्याच्या अंगावर आमचं शहर पूर मोजतं.
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं,
छातीला लागलं की सराफ बाजार दुकानं आवरतो.
त्या संध्याकाळी पुलावर थांबून मी त्याच्याकडे पाहिलं.
एक तोंड ऑफिसकडे, एक वर्गाकडे,
आणि पाण्याबद्दल दोन्ही गप्प.
ओळखीचं वाटलं.

गंगापूर धरणाचे दरवाजे उघडण्याआधी
गावोगाव दवंडी, मोबाईलवर मेसेज,
इतके क्युसेक, इतक्या वाजता.
त्यालाही विसर्गच म्हणतात.
बंद ठेवले तर काय होईल
हे तिथल्या इंजिनिअरला सांगावं लागत नाही.
सगळे एकदम उघडले तर काय होईल, हेही.
सातवी ब चे क्युसेक कोण मोजतं?

शुक्रवारी तेजलने माफीपत्र आणून दिलं.
रेघा मारलेला कागद, समास सोडलेला, अक्षर सरळ :

माननीय मुख्याध्यापक यांस,
माझ्याकडून चूक झाली आहे.
मी दुःख हा शब्द विसर्गाशिवाय लिहिला.
बाईंनी तो दुरुस्त केला.
पुन्हा असे होणार नाही.
आपली आज्ञाधारक.

मी दोनदा तपासलं. एकही चूक नव्हती.
सरांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.
माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.
मग त्यांनी शिक्का मारला, फाईलला लावलं,
आवक क्रमांक घातला.

आज शिपाई निंबा दादा सुतळी घेऊन गेले
आणि दाराचं माप घेऊन आले.

माप घेतलंय.
त्यापुढचं मला माहीत नाही.