आधी क्रियापद

सांगलीच्या कोर्टात मी सव्वीस वर्षं भाषांतरकार.
अपील मुंबईला निघालं की पंचनामा टेबलावर यायचा
मराठीत, आणि जायचा इंग्रजीत.
मधल्या जागेत मी, एक टाइपरायटर,
आणि पांढऱ्या शाईची बाटली, सदा सुकायला आलेली.

पंचनाम्याचं मराठी तसं कुणाचंच नसतं.
आढळून आले. दिसून आले. ताब्यात घेण्यात आले.
जणू वस्तू आपल्या पायांनी पंचांपुढे आल्या
आणि हात बांधून उभ्या राहिल्या.

इंग्रजीतही ही सोय आहे.
जागा आधी घ्यायची: झाडाखाली, पेटीत, भिंतीमागे.
तिच्या पाठोपाठ कर्मणी क्रियापद,
आणि जे सापडलं ते अगदी शेवटी,
दोर ओढून ओढून हात भरून आल्यावर घागर दिसावी तसं.
कुणी केलं ते ‘बाय’ लावून सांगता येतं.
नाही सांगितलं तरी वाक्य पूर्ण होतं,
व्याकरणाची तक्रार नसते.

चौऱ्याण्णव साली हरिपूरचं प्रकरण आलं.
हळदीचं पेव. तोंड एका माणसापुरतं, पोट खोलीएवढं.
बंद पेव उघडलं की आतली हवा जाऊ द्यायची,
कंदील सोडून बघायचा,
विझला तर माणूस सोडायचा नाही.
हरिपुरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
पंचनाम्यात कंदील होता:
‘ओट्यावर. काच पुसलेली. वात कोरडी.’

मी टाइप केलं, इन द पिट,
आणि थांबलो.

मराठीत क्रियापद शेवटी येतं,
तोवर माणसं मोजून झालेली असतात.
इंग्रजीत असं जागेचं नाव घेतलं की तिथंच ठरवावं लागतं
वॉज की वेअर,
खाली किती आहेत ते अजून दिसलेलं नसताना.
पानाच्या तळाशी मायाप्पा होता, वय अंदाजे चाळीस,
मुठीत दोराचं टोक.
मी लिहिलं वॉज. वॉज फाउंड.
पान उलटलं.
‘सदर इसमाच्या खाली आणखी एक.’
बिरू, त्याचा मेहुणा. वय सोळा.

आधी कोण उतरला, कोण कुणाला आणायला गेला,
हे पंचनामा सांगत नव्हता.
देहांचा क्रम तेवढा सांगत होता.

बाटलीत थिनरचे दोन थेंब टाकले.
वॉज झाकलं, फुंकर घातली, वर वेअर मारलं.
कागद उजेडात धरला तर दोन्ही दिसायची,
एकाखाली एक.

पुढचं वाक्य: पेवात मजूर उतरवण्यात आले होते.
कुणी?
मूळ पान तीनदा वाचलं.
पेवाचा नंबर होता, पोती किती ते होतं,
हळदीची जातसुद्धा होती, राजापुरी.
शिरस्तेदार पाटणकर म्हणाले, “मुळात नाही तर आपण कुठून आणायचा?
भाषांतरात माणूस भरती करता येत नाही.”
बरोबर होतं त्यांचं.

बाहेर बाकाच्या शेवटाला एक बाय बसायची, लगमव्वा.
मायाप्पाची बायको. बिरूची बहीण.
तिनं एकदा विचारलं,
“सायेब, विंग्रजीत तरी लिवलंय का, कुणी सोडलं त्यास्नी?”
मी म्हणालो, वरच्या कोर्टात बघतील.
वाक्य कर्तरी होतं.
कर्ता त्यातही नव्हता.

पुढे पुरात पेवं गाळानं भरली.
निवृत्तीनंतर संध्याकाळी मी संगमाकडे चालत जातो,
आणि मनात ते वाक्य फिरवून बघतो:
नाव आधी, मग सोडले, मग ते दोघं.
नाव गावाला माहीत होतं. मलाही.
अगदी जिभेवर येतं, तेवढ्यात
वाटेवरच्या दुकानातून त्या नावाचा नातू नमस्कार करतो,
खुर्ची पुसतो, या म्हणतो,
आणि चहा घेतला जातो.