अर्थ

हर्णै बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
बर्फाच्या कारखान्याला चिकटून माझी टपरी.
इथे गाड्या म्हाताऱ्या होत नाहीत,
खारतात.

हरेश्वर चोगले आला सकाळीच.
ड्रायव्हरकडची काच अर्ध्यावर अडकलेली,
त्या फटीतूनच बोलला :
"ही खाली जात नाय, वर येत नाय.
नि मागच्या काचेवरचं धुकं हटत नाय.
उद्या पहाटे ताम्हिणीतून जायचंय, लेकीकडे."

लियाकतचाचा शिकवून गेला होता :
फ्यूज सगळेच बघतात.
तू आधी अर्थ बघ.
करंट काय, कुठूनही येतो,
परत जायला त्याला वाट आहे का, ते बघ.
दहातल्या सात वेळा, पोरा,
काही जळालेलं नसतं.
अर्थ लागत नसतो.

बटण दाबलं. आत कुठेतरी रिले बोलला, टक.
म्हणजे बटण खोटं नाही.
दाराला बुक्की मारून पाहिली, मोटर ढिम्म.
मग बटण दाबून धरलं आणि दार हळूहळू उघडत नेलं.
एका कोनात, फक्त एकाच कोनात
काच दचकून दोन बोटं सरकली.

दार आणि खांबामधली रबरी नळी सोलली
तर आत तार, शेवाळासारखी हिरवी,
दोन केसांवर लोंबणारी.
अकरा वर्षं हे दार उघडतंय, मिटतंय,
दरवेळी ती थोडी वाकली.
वाकल्याने तार तुटत नाही.
त्याच जागी वाकल्याने तुटते.
नवा तुकडा जोडला, डाग दिला, टेप गुंडाळली.
काच वर गेली, कुरकुरत.

मागचं काम जड होतं.
फ्यूज शाबूत, रिले शाबूत.
डिकीच्या कडेला अर्थचा स्क्रू गंजून पापुद्रा झालेला,
तो पॉलिश पेपरने घासला, खाली नवा वायसर घातला.
तेरातल्या दहा रेषा तापल्या.
मधल्या तीन गार.

मग मीटर घेऊन मागच्या सीटवर गुडघे टेकले.
काळी पिन पत्र्याला, लाल पिन रेषेवर.
धड रेषेवर आकडा ओहोटीसारखा उतरतो :
बारा, नऊ, सहा, तीन, उघडी वाळू.
तुटलेलीवर तसं नसतं.
बारा, बारा, बारा, बारा
आणि एकदम शून्य.

शून्य लागलं तिथे डोळ्यांना काही दिसेना.
वाकून काचेवर तोंडाची वाफ सोडली
आणि वाफेत अक्षरं उमटली.
मी आतून बघत होतो म्हणून उलटी,
पण लागली वाचायला : दर्यागौरी.

चोगले बाहेर उभा होता.
त्याला ती सुलट दिसली.

सहा सिलिंडरची बोट. गेल्या चैत्रात
जयगडच्या कुणाला तरी दिली, एवढं बंदरावर ऐकलेलं.
त्याच रात्री बसला असेल ब्लेड घेऊन, स्टिकर खरवडत.
ब्लेडला काय कळतंय
नाव कुठे संपतं आणि रेषा कुठे लागते.

वाफ विरली. काच नुसती काच झाली.
"परत कर," तो म्हणाला.
मी परत वाफ सोडली.
दोघेही बघत राहिलो, एक आतून, एक बाहेरून.
बर्फाची गाडी मागे घेताना कुणीतरी ओरडत होतं,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे.

चांदीचा रंग, बारीक ब्रश, तीन टिपके.
वाळेपर्यंत चहा. तो दर्याबद्दल बोलला नाही,
लेकीच्या इमारतीत पार्किंग नाही म्हणाला.

मग स्विच चालू केला, शेवटची वाफ सोडली.
तेराही रेषा तापल्या, धुकं आडव्या पट्ट्यांनी खाऊ लागल्या.
आधी शिरोरेषा गेली.
अक्षरं थोडा वेळ तशीच लोंबली, कशाला न धरता.
मग तीही.

"झालं काम," मी म्हणालो.
त्याने पैसे मोजले, एक नोट जास्त झाली ती परत घेतली,
गाडीत बसला, काच पूर्ण खाली केली, वर केली, खाली केली.
आरशात मागे बघितलं. लख्ख.
नारळ, जेटी, वाळत घातलेली कुणाची तरी जाळी.

"हे बंद कुठून करायचं?" त्याने विचारलं.
मी बटण दाखवलं.