घोड्यांचा कायदा

आमच्या बेटावर एक कायदा आहे, फार जुना:
इथला घोडा एकदा समुद्रापार गेला
की त्याला परत येता येत नाही.
रोगराई नको म्हणून.
शर्यत जिंकून आला तरी नाही,
धन्याने गुडघे टेकले तरी नाही.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही.
बोटीचं इंजिन बसलं होतं, बँकेचा माणूस
आमच्याच स्वयंपाकघरात आमचीच कॉफी पीत होता,
आणि ब्रेमेनच्या गिऱ्हाइकाने रोख मोजली.
अर्नदिस शाळेत होती. चौदा वर्षांची.
आली, तेव्हा खुंटीवर नुसती म्होरकी होती
आणि मी म्हणालो,
"घोडाच होता. माणूस नव्हता."

(मुलं एका गोष्टीवरून तुटत नाहीत म्हणतात.
बरोबर आहे.
बाकीच्या गोष्टी मी इथे लिहीत नाही.)

आता ती आकुरेरीत असते. जनावरांची डॉक्टर.
सिग्लुफ्योर्दुरपासून सव्वा तास, मधे तीन बोगदे.
रानवेगला पुरलं त्या दिवशी शेवटची आली होती.
त्याला अकरा वर्षं झाली.
तिसरा बोगदा एकेरी आहे. समोर दिवे दिसले
की एका बाजूच्या गाड्यांनी खोबणीत शिरून थांबायचं.
कुठल्या बाजूच्या, ते पाटीवर लिहिलेलं असतं.
घरात अशी पाटी नसते.

तलावावरच्या गरम कुंडात आम्ही म्हातारे
गळ्यापर्यंत बुडून बसतो,
डोक्यावर लोकरी टोप्या, टोप्यांवर बर्फ.
परवा ओद्दुरने पेपर पुढे केला,
भिजू नये म्हणून हात उंच धरून:
"तुझीच ना रे ही?"
फोटोत ती, वासराच्या बरगडीला कान लावलेली.
केस पिकायला लागलेत. मला कुणी सांगितलं नव्हतं.
खाली नाव: अर्नदिस रानवेगारदोत्तिर.

आमच्यात आडनाव नसतं. बापाचं नाव, पुढे "मुलगी", संपलं.
केतिल्सदोत्तिर होती ती. केतिलची.
शाळेच्या हजेरीत, दप्तरावर,
तबेल्यात त्या खुंटीखाली खिळ्याने कोरलेली.
तिने अर्ज भरला असेल, फी भरली असेल,
खिडकीपलीकडच्या कारकुनाने शिक्का मारला असेल,
आणि ती आईच्या नावामागे जाऊन उभी राहिली,
लहानपणी झग्यामागे राहायची तशी.
मातीतल्या बाईला मुलगी झाली.
मी पाण्यात बसून होतो.
ओद्दुर म्हणाला, "आज जरा कोमटच आहे, नाही?"

आज सकाळी दवाखान्यात फोन केला.
कुणी पोरगी बोलली, कोवळी, घाईतली:
"कोण बोलतंय?"
नुसतं केतिल म्हटलं असतं तरी भागलं असतं.
पण तोंडातून निघालं, "रानवेगचा. रानवेगचा केतिल."
तिने तसंच लिहून घेतलं असावं.
"जनावर कुठलं?"
घोडा.
"नाव?"
स्कुग्गी.
"वय?"
मी बोटांवर मोजायला लागलो.
एवढी वर्षं घोडे जगत नाहीत.
"आजोबा, आहात ना? डॉक्टर मोकळ्याच आहेत, देऊ का?"

मागे कुठेतरी दार उघडलं.
रबरी बुटांचा आवाज, फरशीवर,
जवळ येणारा,
डावी टाच घासत चालणारा.
माझीही डावीच घासते.