दीड इंच

ताहेरभाई म्हणतात, खुर्ची आधी उलटी करून बघावी.
"पाठ सगळ्यांचीच देखणी असते, ताई. पोटाखाली बघा."
भवानी पेठेतलं गोदाम, दुपारचे साडेतीन,
बाहेर टेम्पोत कुणी प्लायवूड चढवतंय,
आत चाळीस-पन्नास खुर्च्या
एकमेकींच्या अंगावर पाय टाकून झोपलेल्या.

मी उलटी करते.
लाकडी खुंट्या हव्यात, खिळे नकोत.
टिचकी मारल्यावर पीठ गळलं
तर समजावं, आत भाडेकरू आहेत.
सागवान घासलं की तेलकट वास देतं.
शिसव काही सांगत नाही,
उचलताना कमरेला कळतं.

लांब हातांची आरामखुर्ची :
"कुणा साहेबाची. हात असे बाहेर फिरवायचे,
त्यावर पाय टाकायचे, आणि डुलकी."
मी बसले ती आतच गेले,
बरणीच्या तळाशी राहिलेल्या
लोणच्याच्या फोडीसारखी.

मग गोल पाठीची, वाफेवर वाकवलेली,
कॅम्पातलं हॉटेल बंद झालं तेव्हा उचललेल्या बारांपैकी उरलेली एक.
बैठकीखाली कुणीतरी पुसलेलं चुन्याचं बोट.
ही आवडली. पण पाय चवड्यांवर.

मग कोर्टातली, उंच, पाठीवर पांढऱ्या रंगात सात.
"हिच्यावर माणूस खोटं बोलू शकत नाही."
बोलतो हो भाई, फक्त ताठ बसून बोलतो.
माझे पाय तोवर हवेत.

हे काही आजचं नाही.
शाळेचा बाक. दाताच्या डॉक्टरांची खुर्ची.
लग्नातल्या लाल मखमली सिंहासनावर तर चक्क लोंबत होते,
फोटोग्राफरनं शालू खाली ओढून झाकले.
बँकेत बत्तीस वर्षं रोख मोजली
ती जुन्या लेजरांच्या गठ्ठ्यावर पाय ठेवून.
निवृत्तीच्या दिवशी शिपायानं गठ्ठा विचारला,
रद्दीत देऊ का, मॅडम?

"ती नको," ताहेरभाई मागून म्हणाले.
"पाय कापलेत तिचे. दीड इंच. चारी.
चांगल्या मालाचं वाटोळं केलं कुणीतरी.
अँटिक म्हणून किंमत शून्य."
कोपऱ्यात होती. वेत फाटलेला,
उजवा हात डाव्यापेक्षा झिजून गुळगुळीत.
मी कडेच्या पट्टीवर बसले, जपून.

टाचा टेकल्या.

दोन्ही.

मी थोडा वेळ काही बोलले नाही.
ताहेरभाईंना वाटलं, भाव पाडायचा विचार चाललाय,
त्यांनी आपणहून पाचशे कमी केले.

वेत विणायला सुदाम गायखे आले.
त्यांना दिसत नाही; बोटांनी भोकं मोजली,
बहात्तर, त्यातलं एक बुजलेलं.
भिजवलेल्या वेताचा वास चार दिवस हॉलमध्ये.
शेवटच्या दिवशी त्यांनी पायांवरून तळवा फिरवला,
तळाशी थांबवला.
"ही करवत सुताराची नाही.
घरातल्याच कुणीतरी कापलेत, थांबत थांबत.
जरा कापायचं, बसवून बघायचं, परत जरा कापायचं.
मागचा डावा तिरका गेलाय बघा, दमला असणार."
कुणासाठी कापले असतील?
"ते लाकडाला कुठं ठाऊक?" म्हणाले,
आणि मजुरीचे पैसे बोटांनी चाचपून घेतले.

आता खिडकीशी आहे, सहकारनगरात, तिसरा मजला.
हलले की डुगडुगते; मागच्या डाव्या पायाखाली
बँकेची एक कोरी स्लिप, चार घड्या घालून.
संध्याकाळी बसते तेव्हा
चपला काढून ठेवते, फरशी गार लागते.

परवा सोलापूरचा भाचा आला, सहा फूट.
बसला तर गुडघे हनुवटीला.
"मावशी, खाली ठोकळे लावून उंच करून घे ना,
दोनशे रुपयांत होईल."
मी म्हटलं, तू सोफ्यावर बस.
चहा टाकते.