कणज

दुंडाप्पा मीटर वाचायला आला,
पेटीचं झाकण अर्धं उघडलं
आणि तसाच मागं सरकला, एक पाय गटारीत.
"गांधीलमाश्या आहेत की हो बाई आत!
मी नाही बघत. ॲवरेज लावतो."

असं तीन महिने.
वडगावात आमच्या गल्लीत
कुणाचा माग किती चालतो
हे आवाजावरून सगळ्यांना कळतं,
एक सरकार सोडून.

भिंतीपलीकडून निंगव्वा म्हणाली,
"कणज अदाव. कै हच्चब्याड."
हात लावू नको, एवढं कळलं.
पण कणज?
तिच्या माहेरी ज्वारी भरतात ती कणज,
आमची कणगी.
माश्यांना धान्याच्या कोठीचं नाव कसं गं?
तिला ठाऊक नव्हतं.
संध्याकाळी आईला फोन लावून विचारलंन्,
तिच्या आईलाही नव्हतं.

परशराम भावजी रॉकेलात बुडवलेला पलिता घेऊन आले.
मी म्हटलं, पेटीमागं वायर,
वायरीमागं सुताची बोचकी,
बोचक्यांमागं तुमचंच घर.
पलिता उंबऱ्यावर ठेवून ते चहा प्यायले
आणि पलिता घेऊन गेले.

सोपाननं दगड मारला.
दप्तर खाली टाकायच्या आत तीन ठिकाणी.
कानाची पाळी पुरीसारखी टम्म.
निंगव्वानं कात्रीचं पातं घासलं,
मी चुना लावला,
दवाखान्यातल्या बाईंनी दोन्ही पुसून गोळी दिली.

तेव्हापासून मी फटीतून बघायला लागले.
उलटी टांगलेली राखाडी कागदाची छत्री,
शेकडो खोल्या, एका देठावर.
देठ केवढा? गोधडीच्या सुईएवढा.
इतका कागद आणतात कुठून?

एका दुपारी लाईट गेली, माग थांबले,
सगळी गल्ली एकदम बहिरी झाल्यासारखी,
आणि कोपऱ्यातून कुरकुर ऐकू आली.
मामंजींचा हातमाग. बारा वर्षं बंद.
त्याच्या सागवानी खांबावर एक माशी
लाकूड खरवडत
मागं मागं सरकत होती.
खांबभर फिकट रेघा,
कुणीतरी कधीपासून हिशेब मांडत असल्यासारख्या.
मी हाकलली नाही.
लाईट आली तशी मी माझ्या कामाला लागले,
ती तिच्या.

पण बिल थांबत नव्हतं.
एका अंधाऱ्या रात्री, एक वाजता,
टॉर्चला लाल पतंगाचा कागद बांधला.
लोणच्याची रिकामी बरणी सोपानच्या हातात,
कानावर मफलर.
दुहेरी पिळाचा रेशमी धागा,
एक टोक माझ्याकडं,
एक भिंतीवरून निंगव्वाच्या मुठीत.
मी म्हटलं, ओढ.
ती म्हणाली, एळी.
धागा ताणला,
देठ तुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.
फक्त बरणी जड झाली
आणि आतून ट्रान्स्फॉर्मरसारखी बोलायला लागली.
वर साडीच्या खोक्याचा पुठ्ठा.

येळ्ळूरच्या वाटेवर, बाभळीखाली,
लांब काठीनं पुठ्ठा ढकलला
आणि दोघी पळालो,
चपला हातात, पदर दातांत,
या वयात.
सोपान लाजून लांबून चालत होता.

दुंडाप्पानं मीटर वाचला.
ॲवरेजच बरी होती.
तीन महिन्यांची बाकी धरून
त्याच्या मशिनीतून हातभर चिठ्ठी निघाली, कानडीत.
निंगव्वा वाचून दाखवायला आली.
आकडा मला तिच्याआधी कळला होता.

पेटीच्या छताला एक काळा ठिपका राहिलाय.
दोन दिवस एक माशी तिथं येऊन
नुसतीच फिरून जात होती.
मग तीही आली नाही.

काल परत कोपऱ्यातून कुरकुर.
खांबावर नवी रेघ, ओलसर.
कुठं बांधतायत, अजून सापडलेलं नाही.
निंगव्वाला म्हटलं, तुझ्या कणजीकडं बघ जरा.
ती म्हणते, कुठल्या?