मंगळवारपासून

देनिझलीच्या वर, डोंगराच्या उतारावर गाव.
घरोघरी तळमजल्यावर माग, वर माणसं.
मी इझ्मिरहून आले, अकरा कारखान्यांचे
अकरा पासवर्ड पर्समध्ये घेऊन,
आणि एक सामाईक पडदा:
कुणाकडे किती सूत, कुणाचे किती माग रिकामे,
सगळ्यांना सगळं दिसेल,
एकाची ऑर्डर तुंबली तर दुसरा उचलेल.
सोपं होतं.
इझ्मिरमध्ये फारच सोपं होतं.

तीन महिने 'रिकामे माग' या रकान्यात शून्य.
हुलुसी शून्य. साबरी शून्य.
देमिर्जान बंधू, दोघांची दोन शून्यं,
कारण ते एकमेकांशी बोलत नाहीत.
"शंभर टक्के क्षमता!" साहेबांनी कळवलं,
अभिनंदनासकट.

सिद्की उस्तांनी चहा ओतला.
"पोरी, तिथं आकडा लिहायचा म्हणजे
जप्तीची नोटीस आपल्याच हातानं
आपल्या दाराला डकवायची.
उद्या सूतवाला उधारी बंद करील."
पण झाकून तरी काय मिळतं, मी विचारलं.
त्यांनी मूठ मिटून मांडीवर ठेवली,
आणि चमचा ग्लासावर आडवा.
म्हणजे पुरे.

मुक्काम नेजाहतबाईंकडे.
अंधार पडला की गाव ऐकू येतं,
खटक-खट, खटक-खट, उतारभर,
आणि मधेच एक भोक.
"साबरीचा दुसरा माग," त्या म्हणाल्या,
शेंगा सोलता सोलता. "मंगळवारपासून."

सकाळी नातवाबरोबर सुताच्या चार पेट्या गेल्या
आणि निरोप:
माझा माग कुरकुरतोय रे,
दोनशे टॉवेल तेवढे विणून दे,
उपकार होतील.

त्यांचा माग ठणठणीत होता.
पोरगा वळणापलीकडे गेल्यावर
त्यांनी तो थांबवला,
साबरीला ऐकू जावं म्हणून.

मी रकान्याचं नाव बदललं:
'पाहुण्या सुताला जागा'.
साहेबांचा फोन आला, हे काय नवीन?
क्षमतेचं काय झालं?
मी सांगू लागले, मधेच थांबले,
म्हटलं, रेंज नाही इथे.

गेल्या गुरुवारी रात्री दीड वाजता
शून्य पुसून कुणीतरी एक लिहिला.
पडद्यावर नाव आहे.
इथं लिहीत नाही.