कवळी

गुरुवारी पेठेत पाणी नसतं.
म्हणून बुधवारी रात्री आपण सगळं भरून ठेवतो,
बादल्या, कुकर,
आणि तुझ्या आईने बांधून दिलेली ती काशाची वाटी,
तिच्यात मावेल तेवढंसुद्धा.

तुझ्या हातांना लॅबचा वास येतो, माझ्याही.
मेण आणि अ‍ॅक्रिलिक.
नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर
आपण लोकांचे दात करतो.
मी मेणात रांगा लावते, तू शेवटी चमकावतोस.
कर्वे रोडच्या एका बाईंनी कवळी परत पाठवली होती:
हसले की मी शेजारणीसारखी दिसते.
किती हसलो आपण त्या दिवशी,
स्वतःच्या दातांनी.

उदगीरहून नऊला फोन येतो.
आई म्हणते, कधी येलालीस.
तो प्रश्न नसतो.
अप्पांचा डावा हात अजून उशीसारखा पडलेला,
दुकानाचं शटर शेजारचा पोरगा उघडतो,
गुरुलिंगने हैदराबादेत जाऊन नंबर बदललाय
आणि गंगूच्या सोयरिकीला येणारे
आधी विचारतात, थोरलीचं काय?
मग फोन अप्पांच्या कानाशी लावतात.
बोळक्यातून हवा निसटते, शब्द अर्धेच येतात,
पण एवढं कळतं:
शिवगंगा, तू माझा ल्योक हैस.

ल्योक.

आणि तू, दिगंत,
सहा वर्षांत ळ म्हणायला शिकलास,
रिक्षावाल्याशी भांडण्याइतकी मराठी आली तुला,
पण तुझ्या भाषेत क्रियापद बाई-पुरुष बघत नाही.
दार उघडताना रोज विचारतोस,
"तू आला?"
आधी दुरुस्त करायचे. आली. आली म्हण.
मग सोडून दिलं.
बरं वाटायला लागलं होतं
मला बाई न करता कुणी वाट बघतंय याचं.

दिवाळीत अप्पांच्या तोंडाचं माप घेतलं होतं मी.
उजव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं
मसाला घट्ट होईपर्यंत,
आणि नंतरही.
प्लास्टरचा साचा लॅबच्या फळीवर तेव्हापासून.
बाकीच्यांवर नंबर असतो, त्याच्यावर नुसतं "अप्पा".
चार महिने मी त्याला हात लावला नाही.
काम फार आहे, म्हणायचे.
कवळी झाली असती तर न्यावी लागली असती.

काल रात्री नळ जाण्याआधी
तू खिशातून ओला कापूस काढलास,
उलगडलास.
वरचे, खालचे, सगळे.
समोरचा एक दात मुद्दाम जरा तिरका,
दुकानातल्या फोटोत आहे तसा.
"कधी केलीस?"
"तू झोपला तेव्हा."
आणखी काही बोलला नाहीस.
मला रागच आला आधी.
माझं काम होतं ते. माझे वडील.
आणि माझं कारण होतं ते, तू घासून गुळगुळीत केलंस.

कवळी कोरडी ठेवायची नसते.
सकाळी नळ कोरडा, बादली अर्धी,
मी ती तुझ्या आईच्या वाटीत ठेवली.
दिवसभर ओट्यावर
एक माणूस पाण्याखाली दात दाखवत होता,
आणि आपण दोघं त्याच्याकडे न बघता
भात खाल्ला.

"वाटी पण ने," म्हणालास.
आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, दिगंत.
हे तुला ठाऊक आहे का, विचारलं नाही.
काय घालून आणेन तेही ठरलेलं नाही.
तिकीट एकाच बाजूचं काढलंय,
पण चप्पल एकच नेतेय, पावसाळी इथेच ठेवून.

वाकडेवाडीला दहाची बस साडेदहाला लागली.
कंडक्टरने मांडीवरच्या वाटीकडे बघितलं,
प्रसाद समजला असावा.
खिडकीची काच अर्धीच सरकत होती.
तू खालून ओरडलास,
"पोचलीस की फोन कर."

सहा वर्षांत पहिल्यांदा
अगदी बरोबर.
तोंड बाहेर काढून
मी दुरुस्त करणार होते,
बस वळली.